वानखडे मॅडमचा सोमवार

आमच्या ऑफिसात रुजू झाल्यावर वानखडे मॅडमनी पहिली कुठली गोष्ट केली असेल, तर बैठकीच्या खोलीतल्या एसीचा रिमोट आपल्या ताब्यात घेतला.

"एसी एवढाच राहील," त्या म्हणाल्या. "ज्याला थंडी वाजते त्यानं स्वेटर आणावा. ज्याला उकडतं त्यानं माझ्या खुर्चीत बसावं, ती बरोबर वाऱ्याच्या तोंडाशी आहे. हा विषय संपला. आता बोला."

ज्यांनी आमची सोमवारची बैठक पाहिलेली नाही, त्यांना यात विशेष काही वाटणार नाही. आमची कंपनी लिफ्टच्या देखभालीची. आम्ही लिफ्ट बनवत नाही. दुसऱ्यांनी बसवलेल्या चालू ठेवतो. पुण्यात आता जमिनीवर राहणारा माणूस विरळाच, त्यामुळे काम भरपूर. दर सोमवारी सकाळी सगळे एकत्र बसून आठवड्याच्या कामाचं ठरवायचं, अशी आमचे मालक बर्वे साहेब यांची पद्धत. पद्धत चांगली होती. पण बैठक सुरू व्हायची ती एसीवरून. मग पार्किंग. मग चहात साखर कुणी वाढवली. मग बर्वे साहेबांना रविवारी सुचलेली एखादी कल्पना, म्हणजे कंपनीच्या शर्टाचा रंग किंवा गाड्यांवर लिहायचं सुभाषित. या सगळ्यातून वाट काढत लिफ्टपर्यंत पोचेस्तोवर जेवायची वेळ झालेली असे. ज्याचा आवाज मोठा त्याचा विषय पहिला, आणि ज्याला आवाजच नाही त्याचा विषय पुढच्या सोमवारी, असा अलिखित नियम होता. मी सुट्या भागांचं कोठार सांभाळत असे आणि बैठकीत दाराजवळची खुर्ची धरून बसत असे. तिथून सटकणं सोपं पडायचं.

मॅडम अमरावतीकडच्या. सर्व्हिस विभागाच्या प्रमुख म्हणून आल्या. इंजिनिअर, पन्नाशीच्या आसपास, ठेंगण्या, पायात कायम धावायचे बूट. बोलणं शुद्ध, पण मनापासून काही म्हणायचं असलं की 'काहून' आणि 'करून राहिले' आपसूक बाहेर पडायचं. सगळ्या पुरुषांना त्या भाऊ म्हणत, मला मात्र देवधरजी. पन्नास वर्षं पुण्यात काढून मला कुणी 'जी' लावला नव्हता. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मागे कोण उभं आहे हे मी वळून पाहिलं होतं.

पहिला सोमवार त्या एक शब्द बोलल्या नाहीत. डोळे मिटून बसल्या होत्या. झोपल्या असाव्यात असंच सगळ्यांना वाटलं. हिशेबाच्या केळकरांनी तर मला कोपरानं ढोसून तसं खुणावलंसुद्धा. बैठक संपली तेव्हा मॅडमनी डोळे उघडले आणि कोण काय म्हणालं ते ओळीनं सांगितलं, केळकरांच्या दोन कोट्यांसकट. मग म्हणाल्या, "यात चार लिफ्ट बंद असल्याचं शेवटी आलं, आणि तेव्हा अर्धे जण उठून गेले होते."

दुसऱ्या सोमवारी रिमोट त्यांच्याकडे गेला आणि आमच्याकडे एक प्रश्न आला. कुणीही विषय काढला की मॅडम शांतपणे विचारायच्या, "हे आज नाही बोललं, तर कोणाचं काय बिघडेल?"

साधाच प्रश्न. पण त्याचं उत्तर देताना माणसाची त्रेधा उडायची. बर्वे साहेबांनी शर्टाच्या रंगाचा विषय काढला, तेव्हा त्यांनाही तो चुकला नाही. साहेब हसून म्हणाले, "माझं बिघडेल. मूड."

"मग ते आपण जेवताना सांभाळू, साहेब," मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे वळल्या.

केळकरांना हे झोंबलं. पुण्यात लांबलचक बोलणं हा ते आपला जन्मसिद्ध हक्क मानत. "मॅडम, तुमच्या अमरावतीला बैठका उभ्यानं घेतात का हो?"

"नाही जी. बोलायचं असलं तर बसतात."

मॅडमच्या पर्समध्ये फुटाण्यांची पुडी असे. बैठकीत एखादा तेच तेच पुन्हा सांगायला लागला, की त्या उठून त्याच्या हातावर मूठभर फुटाणे ठेवायच्या. रागानं नव्हे, अगदी पाहुण्याला द्यावेत तसे. तोंडात फुटाणे आले की माणूस आपोआप ऐकणारा होतो, असं त्यांचं म्हणणं. काही दिवसांनी नुसती पर्सची चेन वाजली तरी केळकर वाक्य आवरतं घ्यायला शिकले. बैठक आटोपशीर झाली. लिफ्ट पहिल्यांदा, बाकीचं नंतर, आणि बरंचसं बाकीचं कधीच नाही. आम्हाला वाटलं, घडी बसली.

ती एका माणसाच्या बाबतीत चुकीची बसली होती, हे कळायला वेळ लागला.

साळुंखे हा आमचा सगळ्यात जुना तंत्रज्ञ. राहणार लोणी काळभोर. कामाला वाघ, बोलायला मोठा. बंद लिफ्टबद्दल, गाडीच्या क्लचबद्दल, सोसायट्यांच्या सेक्रेटऱ्यांबद्दल तो असा बोलायचा की खालच्या मजल्यावर ऐकू जावं. पण अधूनमधून तो एक विषय अगदी हळू आवाजात काढायचा.

"मॅडम, ती रविवारच्या ड्युटीची अदलाबदल बघायची हुती."

रविवारी तातडीच्या कामासाठी एक माणूस लागे, आणि साळुंखे सगळ्यात अनुभवी म्हणून ते वर्षानुवर्षं त्याच्याच गळ्यात होतं. मॅडम विचारायच्या, "न बोललं तर कोणाचं काय बिघडेल, साळुंखे भाऊ?"

साळुंखे टेबलाकडे बघायचा. "न्हाय, तसं काय न्हाय."

"मग थांबेल ना थोडं?"

"थांबंल की."

असं बऱ्याचदा झालं. विषय खरंच थांबला. आणि एका सोमवारी साळुंखेची खुर्ची रिकामी राहिली. त्यानं फोनवर दोन ओळी पाठवून काम सोडलं होतं.

"कुणीतरी पळवला असणार," बर्वे साहेब म्हणाले. "चांगल्या माणसाला मागणी असतेच. दुसरा बघा."

 मॅडमनी बैठक तिथंच मोडली आणि माझ्यापाशी आल्या. "देवधरजी, तुमची गाडी आहे ना खाली? लोणीला जाऊन येऊ."

हडपसरच्या गर्दीतून बाहेर पडेपर्यंत त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. फक्त एकदा म्हणाल्या, "पळवलेला माणूस सांगून जातो. न सांगता जातो तो दुखावलेला असतो."

साळुंखेचं घर सोलापूर रस्त्यावरून आत, एका कॉलेजच्या कुंपणाच्या भिंतीला लागून होतं. पलीकडे ऊस. आम्हाला दारात बघून तो इतका गोंधळला की आधी बनियनवर शर्ट चढवायला आत पळाला. त्याच्या बायकोनं खुर्च्या मांडल्या. ओसरीत खाटेवर त्याचे वडील निजले होते. अंगाची एक बाजू पूर्ण गेलेली. मोठ्या हाडापेराचे गृहस्थ होते. त्यांना एकट्यानं उचलणं कुणाच्याही आवाक्यातलं नव्हतं.

मॅडमनी आधी खाटेजवळ जाऊन त्यांना नमस्कार केला. मग साळुंखेला विचारलं, "भाऊ, काहून सोडलं?"

साळुंखे भिंतीला टेकला. म्हणाला, "आठवडाभर चुलतभाऊ येतो सकाळच्या पारी. आमी दोघं मिळून आण्णास्नी उचलतो, न्हाऊ घालतो, समदं करतो. रविवारी त्यो आळंदीला भाजी घिऊन जातो, आन मी ड्युटीवर. मंग आण्णा संध्याकाळपत्तुर तसंच पडून ऱ्हात्यात, मॅडम. तशाच कापडात. ही एकटी काय करनार?" तो थांबला. "आता हे तिथं समद्यांम्होरं कसं सांगायचं? तुमी इचारायच्या, कुनाचं काय बिघडंल. माझ्या बापाचं असं सांगू व्हय तिथं, केळकरांच्या म्होरं?"

 आतून चहाचं भांडं ठेवल्याचा आवाज आला. खाटेवरून आण्णा अडखळत काहीतरी म्हणाले. ते सुनेला म्हणत होते, पाहुण्यांना साखर जास्त घाल.

मॅडम उभ्याच होत्या. त्या म्हणाल्या, "चूक माझी आहे, भाऊ. प्रश्न बरोबर होता, जागा चुकीची निवडली मी. चार माणसांत विचारायचा प्रश्न नव्हता तो."

साळुंखे परत आला. रविवारची ड्युटी त्या दिवसापासून सगळ्यांत फिरती झाली. का झाली, ते बैठकीत कुणी विचारलं नाही आणि मॅडमनी सांगितलं नाही. लोणीहून परतताना त्या मला म्हणाल्या, "देवधरजी, जो थांबू शकतो त्यालाच आपण जास्त थांबवतो. बाकीचे थांबतच नाहीत ना."

यानंतर त्यांचा सोमवार शनिवारी सुरू व्हायला लागला. शनिवारी दुपारी त्या आपले धावायचे बूट घालून ऑफिसभर फिरायच्या. एकेकाच्या टेबलाशी टेकायच्या, बाहेर कामावर असलेल्यांना फोन करायच्या, कधी कधी एखाद्या इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनरूमपर्यंत चढून जायच्या. "सोमवारी काही काढायचं आहे का? तुम्हाला बोलायचं नसलं तर मी बोलते." समोरचा 'नाही' म्हणाला तरी त्या लगेच उठत नसत. त्याच्या मुलाबाळांची चौकशी करायच्या, टेबलावरचं काहीतरी उचलून बघायच्या, आणि मग पुन्हा विचारायच्या. पहिला 'नाही' हा सवयीचा असतो, दुसरा खरा असतो, असं त्या म्हणत. सोमवारी विषय निघायचा, पण तो कुणी दिला हे कधीही बाहेर पडायचं नाही. कोणता विषय आधी घ्यायचा हे आता त्या आमचं सगळ्यांचं ऐकून घेतल्यावर ठरवत, आणि एकदा ठरवलं की बर्वे साहेबांनासुद्धा त्यात हलवाहलव करता येत नसे.

या पद्धतीची खरी परीक्षा झाली ती ऋतुजामुळे.

ऋतुजा नांदेडहून आलेली, इंजिनिअर होऊन नुकतीच लागलेली मुलगी. लिफ्टच्या तक्रारींचे फोन तिच्याकडे येत. बैठकीत ती कधी बोलली नव्हती. एका शनिवारी मॅडम तिच्या टेबलाशी टेकल्या तेव्हा मी शेजारच्या कपाटात बेअरिंगं लावत होतो, म्हणून हे सगळं मला ऐकू आलं.

"नाही मॅम, काहीच नाहीये."

मॅडमनी तिच्या होस्टेलच्या मेसची चौकशी केली. मग पुन्हा विचारलं.

"म्हणजे, ॲक्च्युअली... मी शुअर नाहीये, मॅम. कोइन्सिडन्स असेल." तिनं इकडेतिकडे बघितलं. "लोक फोन करून सांगतात, लिफ्टमधून बाहेर पडताना ठेच लागते. म्हणजे लिफ्ट मजल्याला बरोबर थांबत नाही, थोडी खाली उतरते. आपला माणूस जातो, ॲडजस्ट करतो, तक्रार बंद. पण परत फोन येतो. आणि वेगवेगळ्या बिल्डिंग्जमधून येतोय."

"या बिल्डिंगांत सारखं काय आहे?"

ऋतुजा आणखी हळू झाली. "सगळीकडे ब्रेकची नवीन लायनिंग टाकलीत आपण. ती नवीन आलेली."

लिफ्टचा ब्रेक म्हणजे सोपं आहे. मोटर थांबली की दोन जबडे चाकाला घट्ट धरतात आणि लिफ्ट जिथल्या तिथं उभी राहते. जबड्यांच्या आतल्या बाजूला जे अस्तर असतं, ते धरून ठेवतं. तेच घसरायला लागलं तर आज ठेच लागते. उद्या काय होईल ते सांगायची गरज नाही.

ऋतुजा का घाबरत होती, तेही मला समजत होतं. ही नवी अस्तरं स्वतः बर्वे साहेबांनी, त्यांच्या एका जुन्या मित्राच्या कारखान्यातून आणवली होती. कौतुकानं आणवली होती.

मॅडमनी माझ्याकडे मान वळवली. "देवधरजी, ही कुठं कुठं गेली, सांगू शकाल?"

मी सांगितलं. ऋतुजानं ज्या इमारती सांगितल्या, त्या सगळ्या त्यात होत्या.

सोमवारी बर्वे साहेब सकाळीच उत्साहात आले. सोबत एका मोठ्या बिल्डरकडची दोन माणसं. सोलापूर रस्त्याला उभ्या राहणाऱ्या त्यांच्या सगळ्या टॉवरांची देखभाल आमच्याकडे यायची बोलणी होती. साहेबांना आमचं काम त्यांना बैठकीतच दाखवायचं होतं. "वानखडे, आज पाहुण्यांचा विषय पहिला," ते दारातूनच म्हणाले.

मॅडम उठून दारापाशी गेल्या. "पाहुण्यांना चहा द्या, साहेब. आम्हाला आधी एक विषय घ्यायचा आहे. तो त्यांच्यासमोर नको."

"अहो, थोड्या वेळानं घ्या. तेवढ्यात काय आभाळ कोसळणार आहे का?"

"आभाळ नाही, साहेब," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "लिफ्ट."

बर्वे साहेबांचा चेहरा उतरला आणि पाठोपाठ लाल झाला. पाहुण्यांना बाहेर बसवून ते आत आले आणि दार लावलं. मॅडमनी दोन्ही तळवे टेबलावर ठेवून सगळं सांगितलं. अस्तरं, इमारती, परत परत येणारे फोन. कुणाकडून कळलं ते सांगितलं नाही.

"कोण म्हणतं हे?" साहेबांनी विचारलं. "कुणी पाहिलंय उघडून? माझ्या मित्रानं आयुष्य घातलंय त्या धंद्यात. कोणीतरी काहीतरी बडबडतं आणि तुम्ही..."

"मी म्हणते आहे, साहेब."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

तेव्हा टेबलाच्या टोकाकडून आवाज आला. "सर, तो विषय माझा आहे."

ऋतुजा उभी राहिली होती. तिनं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मॅडम तिच्याकडे बघतही नव्हत्या; डोळे मिटून ऐकत होत्या. ऋतुजाचं बोलून झाल्यावर त्यांनी डोळे उघडले. "या सगळ्या लिफ्ट आत्ताच्या आत्ता बंद करायच्या. अस्तर बदललं की सुरू."

"बंद?" साहेब उठले. "लोक फाडून खातील आपल्याला."

"खाऊ द्या, साहेब. जिवंत राहतील म्हणून खातील."

 साहेबांनी एकेकाकडे पाहिलं. केळकरांकडे त्यांनी जरा जास्तच आशेनं पाहिलं असावं, कारण केळकर घसा खाकरून म्हणाले, "साहेब, माझी आई अशाच एका इमारतीत राहते. सातव्या मजल्यावर. बंद करू या."

साहेब बाहेर गेले. चहा संपवून पाहुणे केव्हाच निघून गेले होते. ते टॉवर आम्हाला मिळाले नाहीत.

त्या दिवसाचे फोन मला अजून आठवतात. तुमच्या घरी म्हातारं माणूस नाही का? आमच्याकडे आज सत्यनारायण आहे, आम्ही गुरुजींना खांद्यावर आणायचं का? मॅडम फोनवर बोलत बसल्या नाहीत. त्या स्वतः इमारतीत जाऊन, पायऱ्या चढून, जे सगळ्यात वर राहतात त्यांच्या दारावरची घंटा वाजवायच्या. एका ठिकाणी मी सोबत होतो. नवव्या मजल्यावर एका आजोबांनी दार उघडलं, आम्हाला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "या. लिफ्टनं आलात ना?"

मॅडमना धाप लागली होती. "नाही आजोबा. तुमच्यासारखंच."

आजोबांनी एक क्षण विचार केला. मग आत बघून ओरडले, "अगं, पाणी आण. खरं बोलणारी माणसं आली आहेत."

दुपारी आम्ही ऑफिसात परतलो आणि साळुंखेचा फोन आला. कोथरूडमधल्या एका इमारतीच्या मशीनरूममधून. मॅडमनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. "मॅडम, उघडलाय ब्रेक. एका अंगाचं अस्तर सुटून लोंबतंय. नुसतं नावाला धरून हुतं. बरं केलं बंद केली. हिथं परवा लगीन हाय, समदं वऱ्हाड हिच्यातनंच चढनार हुतं."

मॅडम खुर्चीत बसल्या. त्यांनी चष्मा काढला आणि त्या तो ओढणीनं कितीतरी वेळ पुसत राहिल्या. ऋतुजा रडत होती. तिला त्यांनी काही म्हटलं नाही. फक्त तिच्या हातावर फुटाणे ठेवले.

बर्वे साहेब त्यानंतर बरेच दिवस मॅडमशी कामापुरतंच बोलत. ते वाईट गृहस्थ नव्हते, पण मान खाली घालायची त्यांना सवय नव्हती. मग एका शनिवारी ते स्वतः खाली आले आणि मॅडमच्या टेबलाशी उभे राहिले. आवाज नेहमीपेक्षा बराच खालचा होता त्यांचा.

"वानखडे, माझा एक विषय आहे. सोमवारी कुठं बसतो ते सांगा."

"बसा आधी, साहेब."

ते बसले. "त्या अस्तरवाल्या मित्राचं. आपण माल परत केला, पण का केला, हे मी त्याला सांगितलेलं नाही. वाईट वाटेल म्हणून. शाळेपासूनचा आहे तो." त्यांनी मान हलवली. "पण तो माल दुसऱ्यांकडेही जात असणारच ना."

मॅडमनी टेबलावरचा फोन त्यांच्याकडे सरकवला. "हा सोमवारचा विषय नाही, साहेब. आत्ताचा आहे. लावा. मी इथंच बसते."

साहेबांनी फोन लावला. पलीकडचा माणूस आधी हसला असावा, मग ओरडला असावा. साहेब नुसते 'हो, हो' करत होते. शेवटी म्हणाले, "दे बाबा, हव्या तेवढ्या शिव्या दे. पण माल थांबव. आजच थांबव." फोन ठेवून ते तसेच बसून राहिले. मॅडमनी त्यांना उठा म्हटलं नाही की शाबास म्हटलं नाही. चहा मागवला, आणि दोघं चहा प्याले. मित्रानं माल थांबवला, असं पुढं कळलं. मैत्रीचं काय झालं ते साहेबांनी कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

मॅडमनी निवृत्तीच्या बऱ्याच आधी नोकरी सोडली. अमरावतीकडच्या त्यांच्या आईला विस्मरणाचा आजार झाला होता. गावाकडे एकटं ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून त्या आईला कर्वेनगरच्या आपल्या फ्लॅटवर घेऊन आल्या. काही महिने बाई ठेवून बघितली. जमलं नाही. मग एका सोमवारी बैठकीच्या शेवटी, बाकी सगळं झाल्यावर, त्यांनी सांगितलं की आपण थांबतो आहोत. साहेबांनी आर्जवं केली. अर्धा दिवस या, घरून करा. त्या म्हणाल्या, "आई दिवसभर माणूस शोधत असते, साहेब. ते माणूस मी असावं एवढंच." त्यांच्या जागी त्यांनी ऋतुजाचं नाव सुचवलं. शेवटच्या सोमवारी बैठक ऋतुजानंच घेतली आणि मॅडम दाराजवळ माझ्या शेजारी बसल्या होत्या. भाषण त्यांनी करू दिलं नाही, स्वतःही केलं नाही.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. कर्वेनगरला माझ्या भाचीकडे गेलो होतो. संध्याकाळची वेळ, रस्त्याला कॉलेजच्या पोरापोरींची झुंबड. बसथांब्याच्या बाकावर मॅडम बसल्या होत्या. शेजारी नऊवारीतली एक अगदी लहानखुरी म्हातारी, मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरून. मी हाक मारणार होतो, तेवढ्यात एक बस येऊन थांबली आणि म्हातारी अर्धवट उठली.

"हे का वं? हे का दर्यापूरची?"

"नाही आई. ही कात्रजची. बस तू."

बस गेली. म्हातारीनं पिशवी सावरली. थोड्या वेळानं तिनं पुन्हा तेच विचारलं, अगदी त्याच सुरात, आणि मॅडमनी पुन्हा तितक्याच आपुलकीनं सांगितलं. मी पलीकडच्या फुटपाथवर उभा राहिलो. बस येत होत्या, जात होत्या. म्हातारी दर वेळी उठायची, मॅडम दर वेळी तिला बसवायच्या. त्यांच्या चेहऱ्यावर ना कंटाळा होता ना घाई. रोज संध्याकाळी तिला गावी जायचं असतं, आणि रोज संध्याकाळी त्या तिला इथं आणून बसवतात, असं थांब्यामागच्या पानवाल्यानं मला सांगितलं.

शेवटी रस्ता जरा रिकामा झाला. बराच वेळ बस आली नाही. म्हातारी कासावीस झाली. "पोरी, येते ना वं गाडी?"

तेव्हा मॅडम उठल्या. रस्त्याच्या कडेला गेल्या, डोळ्यांवर हात धरला आणि टाचा उंचावून लांबवर, वळणापर्यंत, खरोखर कुणीतरी येणार असल्यासारखं निरखून पाहिलं. मग परत येऊन आईच्या शेजारी बसल्या आणि तिचा हात हातात घेतला.

"दिसत नाही अजून. बसू ना आपण."

"हो," म्हातारी म्हणाली, "बसू."